शेततळं मालकाला परवडतं, शिवाराला परवडतं का? शाश्वततेचा आर्थिक हिशेब पायरीपायरीने

पाणलोट, शेततळी, बंधारे यांच्यावरचे पदव्युत्तर प्रबंध आणि संस्थांचे मूल्यमापन अहवाल वाचायची वेळ माझ्यावर वारंवार येते. शीर्षकात 'शाश्वत' हा शब्द असतो, शेवटच्या पानावर एक देखणं लाभ-खर्च गुणोत्तर असतं, आणि मधल्या साठ पानांत गावाच्या पाण्याचं काय झालं याचा पत्ता नसतो. गणित सहसा बरोबर असतं, क्रम चुकलेला असतो. आधी रुपये मोजले जातात, मग जागा उरली तर पाणी. शाश्वतता तपासायची असेल तर आधी पाणी मोजायचं, मग मर्यादा आखायची आणि पैसा त्यानंतर आणायचा.

हा लेख एकाच उदाहरणावर चालतो: मराठवाड्यातल्या कातळी भागातलं, 30 × 30 × 3 मीटरचं, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. मापं खरी आहेत. रुपयांचे आकडे मात्र पद्धत दाखवण्यापुरते धरले आहेत, ते उचलून आपल्या अहवालात टाकू नका.

## तयारी: एक्सेल उघडण्याआधी

पुढची माहिती हाताशी नसेल तर हिशेबाला बसू नका.

- आपल्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची किमान 15 वर्षांची नोंद. जिल्ह्याची सरासरी चालत नाही. दोन मंडळांत पाऊस निम्म्याने वेगळा पडलेला असू शकतो.
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जवळच्या निरीक्षण विहिरीच्या पातळ्या. त्याशिवाय गावातल्या दहाबारा विहिरी टेप सोडून स्वतः मोजा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा मेमध्ये.
- पीकपेरा. सातबाऱ्यावरची नोंद घ्याच, पण शिवारातून एक फेरी मारून ताडून पाहा.
- विहिरी, बोअर आणि शेततळी यांचा हाताने काढलेला नकाशा. प्रत्येक शेततळ्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे भरतं कशाने?
- गावातल्या सगळ्या घरांची यादी, भूमिहीनांसकट. ती पायरी 7 ला लागते. तोवर ती कोणी केलेली नसते, म्हणून आत्ताच सांगतो.

शेततळं 'भरतं कशाने' हा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, पण निम्मा निकाल तिथेच लागतो. प्लास्टिकच्या कितीतरी शेततळ्यांचे काठ जमिनीपासून माणूसभर उंच बांधलेले असतात. त्यात वाहतं पाणी शिरणार कुठून? पाऊस संपता संपता विहिरीवरची किंवा बोअरची मोटर लावून ती भरली जातात.

## पायरी 1: हद्द आखा

हिशेब कुणाचा, ते एका वाक्यात लिहा: शेतकऱ्याचा, गावाचा की सगळ्या समाजाचा? हद्द बदलली की तीच रक्कम बाजू बदलते. सरकारी अनुदान शेतकऱ्याला मिळकत आहे. गावापुरतं पाहिलं तर बाहेरून आलेला पैसा आहे. समाजाच्या हिशेबात ते एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे आहेत, ना लाभ ना तोटा. शेतीच्या स्वस्त विजेचंही तसंच.

कालावधीही इथेच ठरवा. शेततळ्याला 15 वर्षं ठीक. विहिरींच्या पातळीचा प्रश्न असेल तर 30 वर्षांच्या आत थांबू नका.

तपासणी: ज्यांच्या विहिरीचं पाणी या कामाने हलेल, ते सगळे हद्दीच्या आत आहेत का? नसतील तर हद्द वाढवा.

## पायरी 2: पाणी मोजा, घनमीटरमध्ये

30 × 30 × 3 म्हणजे 2,700 घनमीटर, असं मी स्वतः एकदा लिहून मोकळा झालो होतो. बाजू उताराच्या असतात. 1:1 उतार (मीटरभर खोलीला मीटरभर आत) धरला तर तळ 24 × 24 मीटर भरतो आणि साठवण 2,196 घनमीटर येते, म्हणजे सुमारे 22 लाख लिटर. अहवालांत 'टीसीएम' असतं, ते हजार घनमीटर किंवा 10 लाख लिटर. या रूपांतरात एक शून्य इकडेतिकडे झालेले अहवाल मी पाहिले आहेत.

आता हे पाणी आलं कुठून ते पाहा. 700 मिलिमीटर पाऊस आणि त्यातला 10 टक्के वाहून जाणारा धरला, तर एका हेक्टरवरून 700 घनमीटर पाणी वाहतं. तळं एकदा भरायला तीन हेक्टरांहून जास्त उतार त्याच्याकडे यायला हवा. जागेवर जा आणि उतार खरोखर तिकडे आहे का ते बघा. नसेल तर तळं विहिरीतून भरतंय. मालकाने काहीही सांगितलं तरी.

महाराष्ट्राच्या सुमारे 80 टक्के भूभागाखाली बेसाल्ट आहे. हा खडक पाणी थोडं धरतो, आणि ते भेगांतून व झिजलेल्या थरातून आजूबाजूला सरकतं. ऑक्टोबरात एकाने पाणी उपसून प्लास्टिकवर ठेवलं, की शेजारच्या विहिरीला जानेवारीत मिळणारं पाणी त्याने आधीच काढून घेतलेलं असतं. ते नवं पाणी नव्हे. जमिनीखालून वर आणलेलं आणि सामाईकातून खाजगीत गेलेलं पाणी आहे. वर ठेवलं की ते उडूनही जातं. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरा. 900 चौरस मीटरचं भरलेलं तळं रोज 7,200 लिटर पाणी हवेत सोडतं. माणशी 55 लिटरच्या निकषाने ते 130 माणसांचं दिवसाचं पाणी झालं.

म्हणून तक्त्यात तीन रकाने करा: नवं अडवलेलं पाणी, जागा बदललेलं पाणी, वाया गेलेलं पाणी. लाभाच्या बाजूला फक्त पहिला रकाना येतो.

इशारा: गावातल्या सगळ्या तळ्यांची साठवण बेरजेने मांडून 'इतके टीसीएम निर्माण झाले' असं लिहू नका. साठवण क्षमता आणि मिळालेलं पाणी यांत घागर आणि घागरीतलं पाणी इतकं अंतर आहे.

## पायरी 3: लाल रेघ आधी, रुपये नंतर

शाश्वततेच्या अर्थशास्त्रात दोन जुन्या मांडण्या आहेत. एक म्हणते की निसर्गाचं भांडवल घटलं, पण यंत्र, इमारती, शिक्षण यांचं भांडवल तेवढंच वाढलं, तर चालेल, बेरीज राहिली म्हणजे झालं. दुसरी म्हणते की काही गोष्टींना बदली नसते, त्या पैशाने भरून निघत नाहीत. प्रबंधात दोन्हींची व्याख्या सुंदर दिलेली असते आणि प्रकरण चारपासून मुकाट्याने पहिलीच वापरलेली असते.

माझं मत सरळ आहे: मे महिन्यातल्या पिण्याच्या पाण्याला बदली नाही. तळ्यावर पिकवलेल्या डाळिंबाच्या पैशातून टँकर मागवता येतो हे खरं, पण टँकरही कुणाच्यातरी विहिरीतूनच भरतो. म्हणून रुपयांत शिरण्याआधी दोनतीन मर्यादा लिहून टाका:

1. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत मेअखेर किमान किती मीटर पाणी राहिलं पाहिजे.
2. सारख्या पावसाच्या वर्षांत निरीक्षण विहिरीची पातळी खाली सरकता कामा नये.
3. गुरांचं पाणी.

एखादा पर्याय यातली एक जरी रेघ ओलांडत असेल, तर त्याचा लाभ कितीही भरो, तो 'शाश्वत' या रकान्यात बसत नाही. वाटल्यास त्याला फायदेशीर म्हणा.

हे निव्वळ पुस्तकी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला दरवर्षी आधी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअरला आणि उसाला तिथे गावानेच बंदी घातली आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत ही मर्यादेची अट आहे, भाव लावून सोडवलेला प्रश्न नाही.

## पायरी 4: 'आधी-नंतर' नव्हे, 'असतं तर-नसतं तर'

सगळ्यात जास्त अहवाल इथे पडतात. 2015 ला मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मग 2016 चा पाऊस चांगला झाला. 2015 ला 'आधी' आणि 2016 ला 'नंतर' धरलं, की त्या दरम्यान कुठे नुसता खड्डा खणला असता तरी विहिरींची पातळी वाढलेलीच दिसते. ते श्रेय पावसाचं.

करायचं असं: सारखा पाऊस, सारखा खडक आणि सारखी पिकं असलेलं, पण हे काम न झालेलं गाव शोधा. दोन्ही गावांतला बदल काढा आणि एकातून दुसरा वजा करा. उरतो तो कामाचा परिणाम. दुसरं गाव मिळालंच नाही, तर निदान सारख्या पावसाची वर्षं जोडीने लावा, 620 मिलिमीटरचं वर्ष 640 च्या वर्षाशी.

नेहमीची चूक: तुलनेचं गाव त्याच ओढ्यावर खालच्या अंगाला घेणं. वरच्या गावाने पाणी अडवलं म्हणून खालच्या गावात घटलं, आणि तो फरक वरच्या गावाचा 'लाभ' म्हणून दुप्पट दिसतो. तुलनेचं गाव दुसऱ्या पाणलोटातलं हवं.

## पायरी 5: दोन पानं उघडा

एका पानावर शेतकऱ्याचा हिशेब, दुसऱ्यावर सगळ्यांचा. एकाच तक्त्यात दोन्ही मांडायला गेलात की गुंता होणार.

धरलेले आकडे: खोदाई, प्लास्टिक आणि कुंपण मिळून 3,00,000 रुपये, अनुदान 75,000, आठव्या वर्षी प्लास्टिक बदलायला 1,00,000. कालावधी 15 वर्षं, महागाई वगळून वटाव दर (उद्याचा रुपया आज किती धरायचा तो दर, पायरी 6 पाहा) 10 टक्के. या दराने दरवर्षीच्या एका रुपयाची 15 वर्षांची आजची किंमत 7.606 रुपये होते.

शेतकऱ्याचं पान, तळं विहिरीतून भरलेलं. वाढीव निव्वळ उत्पन्न वर्षाला 70,000, म्हणजे आजच्या किमतीत 5,32,400. खर्च: पदरचे 2,25,000 आणि प्लास्टिक बदलाचे आजचे 46,650. शिल्लक सुमारे 2,60,800. शेतकरी तळं बांधतो यात त्याचं काही चुकत नाही.

सगळ्यांचं पान, तेच तळं. अनुदान वजा होत नाही, म्हणून गुंतवणूक पूर्ण 3,00,000. तळं भरायला लागणाऱ्या विजेचा शेतकऱ्याच्या बिलात न आलेला खर्च वर्षाला 6,000. शेजारच्या तीन विहिरींवरचा रब्बी हंगाम आखडला, प्रत्येकी 12,000 प्रमाणे 36,000. हिशेब उणे 1,33,700 वर जातो.

आता तेच तळं वाहत्या पावसावर भरलं असं धरा. ते दरवर्षी भरत नाही, म्हणून उत्पन्न 55,000 वर येतं. शेजाऱ्यांचं नुकसान नाही, भरण्याची वीज नाही.

| | शेतकऱ्याचं पान | सगळ्यांचं पान |
|---|---|---|
| विहिरीतून भरलेलं | +2,60,800 | −1,33,700 |
| वाहत्या पावसावर भरलेलं | +1,46,700 | +71,700 |

या चार चौकटींत अख्खा प्रश्न मावतो. शेतकऱ्याला विहिरीतून भरणं फायद्याचं आहे, सगळ्यांना पावसावर भरणं. अनुदान 'तळं बांधलं' यावर मिळतं, 'कशाने भरलं' यावर नाही, तोवर पारडं कुठे झुकणार ते उघड आहे. एकच गुणोत्तर छापणाऱ्या अहवालात हे कधी दिसतच नाही.

याच पायरीवरच्या चुका, घाईघाईत:

- दुबार मोजणी. पाणी वाढल्याने पीक वाढलं, ते मोजलं. मग 'वाढलेल्या पाण्याची किंमत' म्हणून पुन्हा मोजलं. मग जमिनीचा भाव वाढला, तो तिसऱ्यांदा मोजला. जमिनीचा भाव त्याच पिकाच्या आशेवर वाढतो. तिन्हींपैकी एकच घ्या.
- घसारा, म्हणजे दरवर्षीच्या झिजेची रक्कम, आणि बदलीचा खर्च दोन्ही लावणं. आठव्या वर्षी प्लास्टिकचे पैसे धरले असतील तर वेगळा घसारा नको.
- घरची मजुरी शून्य धरणं. त्या दिवसांत ते माणूस दुसरीकडे किती मजुरी मिळवू शकलं असतं, तो खर्च आहे. गावात त्या हंगामात कामच मिळत नसेल तर तो बाजारभावापेक्षा कमी धरा, पण का ते लिहा.
- चढ्या भावाचं वर्ष. डाळिंबाचा भाव आणि तेल्या रोग, दोन्ही सरासरीत यायला हवेत. पाच वर्षांपेक्षा कमी काळाची सरासरी घेऊ नका.
- परदेशी दर उचलणं. 1997 मध्ये पर्यावरणीय अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी जगातल्या परिसंस्थांच्या सेवांची, म्हणजे निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या फायद्यांची, किंमत वर्षाला सरासरी 33 लाख कोटी डॉलर काढली. त्यातला 'गवताळ प्रदेश, दर हेक्टरी' हा आकडा रुपयात बदलून गायरानाला लावलेले प्रबंध अजून येतात. तो जगाची सरासरी दाखवणारा आकडा आहे. तुमच्या गायरानातून घरटी किती चारा आणि सरपण येतं, ते विचारा.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2021 मध्ये परिसंस्था लेखांकनाची चौकट स्वीकारली. तिच्यातही आधी क्षेत्र, मग स्थिती, मग सेवांचं भौतिक माप आणि त्यानंतर रुपये असा क्रम आहे. अलीकडच्या संशोधनाचा कलही तसाच आहे. ज्याचं स्थानिक मूल्य काढता येत नाही ते टन, घनमीटर, हेक्टर यांतच ठेवा. रुपये लावले नाहीत म्हणून आकडा कमी शास्त्रीय ठरत नाही.

## पायरी 6: वटाव दर

डिस्काउंट रेट, म्हणजे उद्याचा रुपया आज किती धरायचा. इथे दोन वेगळे घोळ होतात.

पहिला तांत्रिक आहे. उत्पन्न आजच्या स्थिर भावाने मांडलं आणि दर मात्र बँकेच्या व्याजाचा लावला. बँकेच्या व्याजात महागाई धरलेली असते. कर्ज 11 टक्क्यांनी आणि महागाई 5 टक्के असेल, तर खरा दर 1.11 भागिले 1.05, वजा 1, म्हणजे 5.7 टक्के. स्थिर भावांना हाच लावा.

दुसरा घोळ विचारातला. नाबार्डच्या नमुना प्रकल्पांत 15 टक्के दर नेहमी दिसतो. कर्ज फिटेल का हे पाहायला तो ठीक आहे, पुढच्या पिढीचं पाणी तोलायला नाही. 50 वर्षांनी होणारं 1 लाखाचं नुकसान 10 टक्क्यांनी आज फक्त 852 रुपयांचं दिसतं, 3.5 टक्क्यांनी 17,905 रुपयांचं. ब्रिटनच्या सरकारी 'ग्रीन बुक'मध्ये 30 वर्षांपर्यंत 3.5 टक्के आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने 1 टक्क्यापर्यंत उतरता दर आहे. दूरच्या काळासाठी उतरता दर ही गेल्या दोनतीन दशकांतली महत्त्वाची दिशा आहे.

मी दोन दर लावून दोन्ही निकाल छापतो. आपल्या उदाहरणात 5 टक्के लावले तरी विहिरीतून भरलेल्या तळ्याचं सगळ्यांचं पान उणे 77,000 वरच राहतं. मग दरावर वाद घालायची गरजच उरत नाही. खरा वाद शेजाऱ्यांच्या नुकसानीवर आहे.

इशारा: दर कमी केला की प्रकल्प आपोआप 'हिरवा' होत नाही. पाणी ओढून घेणारी मोठी योजनाही कमी दराने जास्त आकर्षक दिसते. पायरी 3 ची रेघ म्हणूनच आधी हवी.

## पायरी 7: कुणाला मिळालं, कुणाचं गेलं

तयारीत केलेली घरांची यादी काढा. चार गट पुरे: तळं असलेले, विहीर असलेले पण तळं नसलेले, कोरडवाहू, भूमिहीन. प्रत्येकापुढे वर्षाचा फायदा-तोटा रुपयांत आणि पाण्यात लिहा. मजुरीचे दिवस वाढले का ते भूमिहीनांपुढे येईल. पाण्यासाठीच्या फेऱ्या वाढल्या का, ते बायकांना विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारलेलं चालत नाही.

विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर ठरत असे, आणि भूमिहीनांनाही हक्क होता. वाटपाचा वेगळा पर्याय मांडायचा झाला तर हा नमुना तुमच्या तक्त्यात वेगळा रकाना म्हणून चालवून पाहा.

गरिबाच्या रुपयाला जास्त वजन देण्याची पद्धतही आहे. नवख्याने ती मुख्य तक्त्यात वापरू नये. वजनं आपण निवडतो आणि निकाल त्यांच्याबरोबर हलतो. आधी साधा तक्ता, मग परिशिष्टात वजनी.

## पायरी 8: काटा कुठे पलटतो?

'प्रत्येक आकडा 10 टक्के वरखाली करून पाहिला' अशी संवेदनशीलता चाचणी फारसं सांगत नाही. त्यापेक्षा ज्या आकड्याबद्दल तुम्हाला सगळ्यात कमी खात्री आहे तो निवडा आणि तो किती झाला की निकाल उलटतो ते काढा.

आपल्याकडे तो आकडा म्हणजे शेजाऱ्यांचं नुकसान. मी 36,000 धरलं, ते कुणी मान्य करेलच असं नाही. मग उलटं काढा: वाढीव उत्पन्न 5,32,400, त्यातून गुंतवणूक व प्लास्टिक 3,46,650 आणि वीज 45,650 वजा केली की 1,40,100 उरतात. त्याला 7.606 ने भागलं की वर्षाला सुमारे 18,400. शेजाऱ्यांचं एकूण नुकसान याहून जास्त असेल तर तळं सगळ्यांना तोट्याचं, कमी असेल तर फायद्याचं. आता '36,000 आले कुठून' हा वाद घालत बसायला नको. 'तीन विहिरींचं मिळून वर्षाला 18,400 पेक्षा जास्त जातं का?' हा प्रश्न चावडीवर बसून सुटतो.

हद्दीचीही अशीच चाचणी घ्या. फक्त गावापुरतं पाहिलं, अनुदान आणि स्वस्त वीज बाहेरून आलेली मदत धरली, तरी हिशेब उणे 13,000 च्या आसपास येतो. बाहेरचा पैसा आत घेऊनही गाव जेमतेम तोट्यातच राहतं.

## अहवाल देण्याआधी

प्रत गावात नेऊन वाचा, ग्रामसभेत जमलं तर उत्तम. पाण्याचा तक्ता आधी, लाल रेघा त्यानंतर, चार चौकटी मग, आणि पलटणारा आकडा शेवटी. गुणोत्तर कुणी विचारलं तर सांगा, पण पहिल्या पानावर नको. आणि ज्या तीन विहिरी तुम्ही 'शेजारी' म्हणून धरल्या, त्यांचे मालक बैठकीला आहेत का, ते सुरुवात करण्याआधी पाहून घ्या. ते नसतील तर बैठक पुढे ढकला.